पेट्रोल शंभरीपार गेलं म्हणून इलेक्ट्रिक गाड्या आल्या का?

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "पेट्रोल महाग झालं की कंपन्या इलेक्ट्रिक, सीएनजी, इथेनॉलच्या मागे धावतात आणि तेल उतरलं की सगळं गुंडाळून ठेवतात, असं आमचे सर म्हणतात. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर बॅटरीवरच्या गाड्यांमध्ये करिअर करणं म्हणजे जुगारच नाही का?"

तुमच्या सरांचं निम्मं म्हणणं खरं आहे. ते निम्मं मी अंगावर घेतलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२००८ च्या जुलैत कच्च्या तेलाने पिंपाला १४७ डॉलरचा आकडा गाठला. मी तेव्हा चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात इंजिन विकास विभागात होतो. एका परदेशी ग्राहकाला त्याच्या छोट्या मालवाहू गाडीसाठी हायब्रिड किट हवं होतं. मूळ डिझेल इंजिन तसंच ठेवायचं, मागच्या अ‍ॅक्सलला मोटर जोडायची आणि बॅटरी चेसिसच्या मध्ये बसवायची. त्यांना इतकी घाई होती की करारावर सह्या व्हायच्या आधीच सुटे भाग विमानाने येऊन पडले. आम्ही दिवाळीतसुद्धा दोन पाळ्यांत काम केलं. डिसेंबर सरेपर्यंत तेल चाळीस डॉलरच्या खाली आलेलं. मंदीही होतीच. जानेवारीत चार ओळींचा ईमेल आला आणि काम थांबलं. चाचणीच्या अशा गाडीला आमच्यात 'म्यूल' म्हणतात, म्हणजे खेचर. ते खेचर पुढे दोन पावसाळे शेडमागे ताडपत्रीखाली उभं होतं. कुणाला एखादा सेन्सर लागला की जाऊन काढून आणायचा.

म्हणजे सर बरोबर? थांबा. त्याच्या उलटही मी पाहिलं आहे. पेट्रोल देशाच्या तोवरच्या इतिहासात सर्वात महाग झालेलं असताना आमचा पर्यायी इंधनांचा विभाग ओस पडला होता. ती गोष्ट २०१२ ची.

जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे भाव खुले केले, डिझेलचे मात्र हातात ठेवले. पेट्रोल चढत गेलं, डिझेल रांगत राहिलं. २०१२ च्या उन्हाळ्यात मुंबईत दोघांमधला फरक लिटरमागे तीस रुपयांच्या पुढे गेला. आता मला सांगा, अशा वेळी गिऱ्हाईक काय करेल? त्याने बॅटरी मागितली नाही, हायड्रोजन मागितला नाही. त्याने डिझेल गाडी मागितली. कंपन्यांनी डिझेल इंजिनांच्या नव्या लाइनी टाकल्या आणि आमच्यासारख्यांना हातातलं सोडून डिझेलच्या कॅलिब्रेशनवर, म्हणजे इंजिनाच्या बारीक जुळणीवर, बसवलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही खुलं झालं, फरक आटत गेला. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, छोटं डिझेल इंजिन त्या मापात बसवणं परवडेना, आणि मारुती सुझुकीने तर डिझेल गाड्या विकणंच थांबवलं. दहा वर्षांत चक्र पूर्ण.

यातून मी शिकलो ते एवढंच, की इंधन किती महाग आहे याला विकास विभागात फारसं महत्त्व नसतं. त्याच्या शेजारचं इंधन किती स्वस्त आहे, आणि तो फरक किती वर्षं टिकेल, याला असतं. नवी गाडी कागदावरून शोरूममध्ये यायला तीन-चार वर्षं लागतात. साचे, लाइन, चाचण्या यांत घातलेला पैसा वसूल व्हायला आणखी सात-आठ. तेव्हा बैठकीत "आज पेट्रोल काय भाव आहे" असं कुणी विचारत नाही. "माझी गाडी बाजारात असेल त्या काळात पेट्रोल आणि माझं इंधन यांत किती अंतर असेल, आणि ते अंतर कुणाच्या हातात असेल?" हा खरा प्रश्न. अरबांच्या हातात, दिल्लीच्या हातात, की पावसाच्या हातात?

फरकाची ताकद पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. तुमच्या वडिलांना विचारा. रेशनचं रॉकेल स्वस्त होतं तेव्हा रिक्षात पेट्रोलमध्ये रॉकेल मारलेलं असायचं, मागून निळा-पांढरा धूर. नंतर घरगुती गॅसचा सिलिंडर ओम्नीच्या मागच्या सीटखाली गेला. सबसिडीचा स्वयंपाकाचा गॅस आणि पंपावरचं पेट्रोल यांतलं अंतर इतकं होतं की गल्लीतला फिटर रेग्युलेटर, नळी आणि मिक्सर जोडून दुपारभरात गाडी 'कन्व्हर्ट' करून द्यायचा. बेकायदा आणि जीवघेणं काम, त्याची भलामण मी करत नाही. पण इंजिनिअर म्हणून कबूल करावं लागतं की देशातलं सर्वात वेगाने पसरलेलं पर्यायी इंधन तंत्रज्ञान बहुधा ते होतं, आणि त्यासाठी कुणीही संशोधन निधी दिला नव्हता. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा कोळशाच्या गॅसवर बस चालल्या. मागे भट्टी, सकाळी पेटवायला अर्धा-पाऊण तास. युद्ध संपलं, पेट्रोल मिळू लागलं, भट्ट्या भंगारात गेल्या.

आता मोठ्या पटावर या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो बाराच्या घरात गेला. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. फ्लोरिडात 'सिटीकार' नावाची पाचरीच्या आकाराची, शिसं-आम्ल बॅटऱ्यांवरची दोन माणसांची गाडी १९७४ पासून विकली जाऊ लागली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने अध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार डावलून विद्युत आणि हायब्रिड वाहनांच्या संशोधनाचा कायदा केला. १९८६ मध्ये तेल कोसळलं आणि हा सगळा उत्साह विरला. इथपर्यंत सरांची मांडणी तंतोतंत बसते.

पण त्याच काळात एक्झॉन या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ले व्हिटिंगहॅम नावाचा रसायनशास्त्रज्ञ टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियम आत-बाहेर करून बॅटरी बनवता येते का, यावर काम करत होता. तेल संपलं तर आपण काय विकायचं, या भीतीपोटी एका तेल कंपनीने हे काम पोसलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचा त्यातला रस संपला. प्रकल्प गेला, पण ज्ञान छापलं गेलेलं होतं. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइड वापरून दाखवलं, १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी आजच्यासारखा लिथियम-आयन सेल बनवला, आणि १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला. कशासाठी? व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. नव्वदच्या दशकात तेल स्वस्त होतं, मोटारीसाठी या सेलला कुणी विचारत नव्हतं, आणि तरीही सेल सुधारत राहिला, कारण कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइलवाल्याला पेट्रोलच्या भावाशी काही देणंघेणं नव्हतं. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. तेलाच्या धास्तीने बी पेरलं, पाणी घातलं ते भलत्याच धंद्याने.

तो माझा लाडका किस्सा आहे, कारण तो दोन्ही बाजूंना खोटं ठरवतो. भाव चढला नसता तर बहुधा त्या कामाला तेव्हा पैसा मिळाला नसता. आणि भाव चढाच राहिला पाहिजे अशी अट असती तर ते काम कधी पूर्ण झालं नसतं.

स्वस्त तेलाच्या काळात सुरू झालेली कामं तर ढीगभर आहेत. टोयोटाने प्रियसच्या मुळाशी असलेला प्रकल्प १९९३ मध्ये हाती घेतला आणि डिसेंबर १९९७ मध्ये गाडी जपानमध्ये विकायला काढली. पुढच्याच वर्षी तेल पिंपाला दहा-बारा डॉलरवर होतं. जनरल मोटर्सची ईव्ही-१ आली १९९६ मध्ये, तीही पेट्रोल महाग म्हणून नाही. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये नियम केला होता की ठरावीक टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असल्याच पाहिजेत. नियम पातळ झाला, गाडी परत मागवून मोडीत काढली. टेस्लाने मॉडेल-३ दाखवली ती ३१ मार्च २०१६ ला. २०१४ च्या जूनमध्ये ११५ डॉलरवर असलेलं तेल त्या वेळी चाळिशीच्या आत-बाहेर होतं, आणि तरी आठवडाभरात तीन लाखांवर लोकांनी पैसे भरून नंबर लावला.

दिल्लीच्या बस सीएनजीवर गेल्या त्याही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशामुळे, हवेसाठी. भावाचा तिथे संबंधच नव्हता. मुंबई-पुण्यातले टॅक्सी-रिक्षावाले मात्र आदेशाच्या जोडीला हिशेब करून वळले, आणि हिशेबाने वळलेला माणूस हिशेबानेच परत फिरतो. २०२१ च्या मध्यात पुण्यात पंचावन्न-छप्पन रुपये किलो असलेला सीएनजी २०२२ च्या अखेरीस नव्वदीवर गेला, तेव्हा सीएनजीच्या नव्या गाड्यांची आखणी करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. राज्याने त्याच वर्षी १ एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला होता, पण युक्रेन युद्धाने गॅसच इतका चढवला की ती सवलत कुठे गेली ते कळलंही नाही.

पावसाच्या हातातलं इंधन म्हणालो त्याचं उत्तर ब्राझीलमध्ये आहे, आणि ते आपल्या साखर पट्ट्याने पाठ करून ठेवावं असं आहे. तेल महाग झाल्यावर नोव्हेंबर १९७५ मध्ये तिथल्या सरकारने उसापासून इथेनॉल करायचा कार्यक्रम काढला, प्रोआल्कूल. १९७९ मध्ये फियाट १४७ ही निव्वळ इथेनॉलवर चालणारी गाडी आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या दहा नव्या मोटारींपैकी नऊपेक्षा जास्त इथेनॉलच्या होत्या. एवढं यश जगात दुसऱ्या कुठल्याही पर्यायी इंधनाला इतक्या लवकर मिळालं नव्हतं. मग १९८६ मध्ये तेल पडलं. सरकारला इथेनॉलचा आधारभाव जड झाला. दशकाच्या शेवटी साखरेला जगात चांगला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि इथेनॉलच्या पंपावर इथेनॉल मिळेना. ज्याने विश्वासाने ती गाडी घेतली होती तो रांगेत उभा. इथेनॉल गाड्यांची विक्री नव्वदच्या दशकात जवळजवळ शून्यावर आली.

तिथल्या इंजिनिअरांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. २००३ मध्ये फोक्सवॅगनने 'गोल'ची फ्लेक्स आवृत्ती आणली. पेट्रोल, इथेनॉल, किंवा दोघांचं कसलंही मिश्रण भरा, इंजिन समजून घेतं. म्हणजे भावाचा अंदाज बांधायची जबाबदारी कंपनीने स्वतःकडून काढून पंपावर उभ्या असलेल्या माणसाकडे दिली. त्याला आज जे स्वस्त ते तो भरेल. पुढची पाच वर्षं कोण जिंकणार हे ज्याला कळत नाही त्याने दोन्ही घोडे एकाच टांग्याला जुंपले.

आपल्याकडे बघा. जून २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट मुदतीआधी गाठलं. २० टक्क्यांची मुदत २०३० वरून २०२५ वर ओढली. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरच्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. आणि डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी आणि साखर कमी पडेल या काळजीने, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने अचानक बंदी घातली. नंतर ती सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी उठवली. पण ज्याने त्या वर्षी हप्ता भरला त्याला विचारा, पेट्रोल शंभरच्या वर असण्याचा त्याला काय उपयोग झाला. इंधनाचा भाव त्याच्या बाजूने होता, कच्चा माल नव्हता.

जट्रोफाची, म्हणजे मोगली एरंडाची, कथा याहून छोटी आणि करुण. २००३ नंतर पडीक जमिनीवर लावा, बायोडिझेल होईल, असा धडाका उठला. तेल कंपन्यांनी बायोडिझेल घ्यायचा भाव ठरला लिटरला पंचवीस-सव्वीस रुपये. तेवढ्यात बियांचा खर्चही निघत नव्हता. डिझेल सरकारने दाबून ठेवलेलं, मग बायोडिझेल कुणाशी स्पर्धा करणार? २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट लिहिलं गेलं होतं. विदर्भ-मराठवाड्यात अजून काही बांधांवर ती झुडपं दिसतात.

आता भारतातली एक गंमत, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. २०१४ नंतर जगात तेल कोसळलं तेव्हा आपल्या पंपावर ते फारसं कळलं नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं, पेट्रोलवर एकूण पावणेबारा रुपयांच्या आसपास. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकेतल्या तेलाचा वायदा भाव एका दिवसापुरता शून्याच्याही खाली गेला, आणि मे महिन्यात आपल्याकडे शुल्क पेट्रोलवर आणखी १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढलं. तिजोरी भरायची होती, हेतू इलेक्ट्रिक गाड्यांचा नव्हता. पण परिणाम असा झाला की आमच्या बैठकांमध्ये पहिल्यांदाच एक वाक्य निर्धास्तपणे बोललं जाऊ लागलं: "पंपावरचा भाव आता फार खाली येणार नाही." परभणीत पेट्रोल राज्यातलं सर्वात महाग म्हणून दर वेळी बातमी यायची, मनमाडहून टँकर यायचा म्हणून. मुंबईत मे २०२१ च्या अखेरीस शंभरी ओलांडली. गिऱ्हाईक चिडलं. पण गाडी बनवणाऱ्याला हवा असतो तो जमिनीसारखा पक्का आधार, आणि तो कराने दिला. शुल्क नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये उतरवलं, तरी मुंबईतला भाव शंभराच्या खाली काही आला नाही.

नॉर्वेने हेच जाणूनबुजून केलं. स्वतः तेल विकणारा देश, तरी पेट्रोल गाडीवर जबर कर, विजेच्या गाडीला नव्वदच्या दशकापासून सूट. २०२४ मध्ये तिथल्या नव्या मोटारींपैकी ८९ टक्के विजेच्या होत्या. चीनने मोटर आणि बॅटरीवर सरकारी पैसा ओतला तो पंपावरच्या भावासाठी कमी आणि समुद्रातून येणाऱ्या टँकरवरचं अवलंबित्व नको म्हणून जास्त.

थोडा हिशेब करू, नाहीतर हे सगळं गप्पांसारखं वाटेल. स्कूटर घ्या. पेट्रोलची स्कूटर शहरात लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरू. १०४ रुपये लिटर म्हणजे किलोमीटरला २ रुपये ३० पैसे. इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जरमधली घट धरून किलोमीटरला साधारण ३५ वॉट-तास लागतात (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). घरची वीज युनिटला १० रुपये धरली तर ३५ पैसे. वाचले पावणेदोन ते दोन रुपये, सोयीसाठी दोन म्हणू. आता खाण्याचे डबे पोचवणारा पोरगा दिवसाला शंभर किलोमीटर फिरतो, वर्षाला तीस हजार. त्याचे वर्षाला साठ हजार वाचतात. गाडी पस्तीस-चाळीस हजारांनी महाग असली तरी आठ महिन्यांत फिटली. ऑफिसला जाणारा दिवसाला तीस किलोमीटर जातो, त्याला दोन वर्षं. आणि सदाशिव पेठेतून मंडईत जाऊन येणारे काका? दिवसाला आठ किलोमीटर, वर्षाला चोवीसशे, बचत अठ्ठेचाळीसशे. फिटायला आठ वर्षं.

आता पेट्रोल ८० रुपये करा. डबेवाल्या पोराचे वर्षाला त्रेचाळीस हजार वाचतात, तो तरीही इलेक्ट्रिकच घेईल. काका १०४ लाही घेणार नव्हते. भावाने डळमळतो तो मधला माणूस. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो, सरासरी ग्राहक धरून गणित करू नका. पेट्रोलचा भाव आणि रोजचं रनिंग यांचा गुणाकार करा. ई-रिक्षा अशाच आल्या. शिसं-आम्ल बॅटऱ्या, पत्र्याचं छत, सुरुवातीला परवानाही नाही, सबसिडी नाही. दिवसभर फिरणाऱ्याला गणित जुळत होतं. २०२३ मध्ये इलेक्ट्रिक तीनचाकींच्या विक्रीत भारत चीनच्या पुढे गेला तो यांच्या जोरावर. आमच्यासारखे पदवीवाले त्यांना हसत होते, हेही नोंदवून ठेवतो.

भावाचं आणि सबसिडीचं वजन वेगळं करून मोजायची संधी क्वचित मिळते, ती जून २०२३ ने दिली. पेट्रोल तेव्हा वर्षभर जागेवरून हललं नव्हतं. केंद्राने इलेक्ट्रिक दुचाकींवरची फेम-२ या सबसिडी योजनेची मदत १ जूनपासून घटवली, किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंतची मर्यादा १५ वर आली. मे महिन्यात देशात लाखावर इलेक्ट्रिक दुचाकी नोंदल्या गेल्या होत्या, जूनमध्ये आकडा निम्म्याच्याही खाली घसरला. मे महिन्यात घाईने घेणारेही होतेच, तेवढं वजा करा. तरी दिसतं ते हे, की माणूस महिन्याच्या पेट्रोलच्या बिलाने चिडतो आणि शोरूममधल्या पावतीने ठरवतो. पुढच्या काही महिन्यांत विक्री सावरली ती कंपन्यांनी छोटी बॅटरी घालून स्वस्त मॉडेलं काढली म्हणून. ते काम पेट्रोलने नव्हे, कात्री लागलेल्या सबसिडीने करून घेतलं.

महाग पेट्रोलचा एक तोटा कुणी बोलत नाही. घाई. २०२१ मध्ये शंभरी पार झाल्यावर इलेक्ट्रिक स्कूटरच्या नोंदण्यांचा पाऊस पडला आणि बऱ्याच कंपन्यांनी आयात केलेले बॅटरी पॅक आपल्या उन्हाळ्यात नीट न तापवता, न भिजवता, न आपटता गाड्यांत बसवले. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या. मग समिती बसली, बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे नियम कडक झाले. जी चाचणी आधी व्हायला हवी होती ती आग लागल्यावर झाली. विकासाची प्रेरणा म्हणून भाववाढ उत्तम, वेळापत्रक म्हणून भयंकर.

आणि बॅटरीलाही स्वतःचं 'तेल' आहे, हे विसरू नका. २०१० च्या सुमारास बॅटरी पॅकची किंमत किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये जागतिक सरासरी ११५ डॉलर. पण मध्ये २०२२ ला ती चढली होती, कारण लिथियम कार्बोनेट चीनमध्ये टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेलं. वर्षभरात ते लाखाच्या आसपास कोसळलं. म्हणजे आम्ही एका चंचल मालापासून सुटका करून घ्यायला दुसऱ्या चंचल मालाच्या दारात गेलो. फरक इतकाच की लिथियम एकदाच विकत घ्यायचं असतं, पेट्रोल रोज.

बसच्या धंद्याने या चंचलपणावर बरा उपाय शोधला आहे. १ जून २०२२ ला एसटीची इलेक्ट्रिक 'शिवाई' पुणे-नगर रस्त्यावर धावली, त्याच मार्गावर जिथे १९४८ ला एसटीची पहिली बस धावली होती. पुण्यात पीएमपीच्या ई-बस २०१९ पासून आहेत. यातल्या बहुतेक बस महामंडळ विकत घेत नाही. ठेकेदार बस आणतो आणि किलोमीटरमागे पैसे घेतो, करार दहा-बारा वर्षांचा. बस बनवणाऱ्याला जो काळ हवा असतो तो करारातच लिहिलेला. डिझेल उद्या वीस रुपयांनी उतरलं तरी त्या लाइनीवरचं काम थांबत नाही. मला २००८ मध्ये असा एक कागद मिळाला असता तर ते खेचर ताडपत्रीखाली गेलं नसतं.

त्या प्रकल्पाचं खरं नुकसान पैशाचं नव्हतंच. मोटर कंट्रोलरवर काम करणारा आमचा मुलगा, तेव्हा सत्तावीस वर्षांचा, हिंजवडीत बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला. बॅटरी कूलिंगवाली मुलगी परदेशी गेली. २०१८ मध्ये कंपनीला अचानक हीच माणसं हवी झाली तेव्हा पैसा एका आठवड्यात मंजूर झाला, माणसं मिळायला दीड वर्ष लागलं. तेल परत चढतं, पांगलेला गट परत जमत नाही.

तुमच्या करिअरबद्दल. जुगार कमी करायचा असेल तर एखाद्या इंधनाला चिकटू नका, त्याखालच्या कामाला चिकटा. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बॅटरीतली वीज मोटरला हवी तशी करून देणारं तंत्र, शिका; ते बॅटरीच्या गाडीला लागतं, हायब्रिडला लागतं, २०२२ मध्ये पुण्यात दाखवलेल्या हायड्रोजन बससारख्या फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या, गाडीलाही लागतं. उष्णतेचं व्यवस्थापन शिका, कारण मे महिन्यात जळगावला पंचेचाळीस अंशांत उभ्या केलेल्या गाडीचा पॅक कसा थंड ठेवायचा हा प्रश्न कच्चं तेल कितीही असलं तरी तसाच राहणार आहे. आणि एम.टेक.चा विषय नक्की करण्याआधी एक दिवस तुमच्या गावच्या रिक्षा स्टँडवर काढा. रोजचे किलोमीटर किती, इंधनाला किती जातात, हप्ता किती, बॅटरी किंवा टाकी बदलायला किती आले, हे दहा जणांना विचारून वहीत लिहून काढा. मुलाखतीला आलात की ती वही मला दाखवा, गुणपत्रिका नंतर बघू.